कपिंगचा संच: ओढतो किती ते नंतर, आधी सोडतो कसा ते पाहा

कपिंग म्हणजे कातडीवर कप लावून, आतली हवा काढून कातडी वर ओढून घेणे, आपली जुनी तुंबडी. तिचा नवा संच हातात आला की बहुतेक जण त्याची परीक्षा उलटी घेतात. मांडीवर कप ठेवायचा, पंप कचाकच मारायचा, कातडी फुगून जांभळी झाली की ‘संच दमदार आहे’ असा शेरा मारून मोकळे व्हायचे. ओढायला काय, कुठलाही पंप ओढतो. संचाचा कस लागतो तो सोडताना. कपाखाली जळजळ सुरू झाली, पडल्यापडल्या घाम फुटला, गरगरल्यासारखे वाटले, तर एका हाताने आणि एका क्षणात कप सुटला पाहिजे. तो चिकटून बसत असेल, सोडवायला दोन्ही हातांनी झटापट करावी लागत असेल, तर बाकी सगळे कितीही देखणे असो, तो संच परत करावा.

मिळणारे कप तीन जातींचे: हातपंपाचे पारदर्शक प्लास्टिकचे, दाबून लावायचे सिलिकॉनचे आणि आगीने लावायचे काचेचे. बांबूचेही असतात. पण त्यांना भेगा पडतात, आत कातडीचे काय चालले आहे ते दिसत नाही आणि ते नीट निर्जंतुक होत नाहीत. शोभेला ठेवावेत, पाठीला लावू नयेत.

घरी सर्वांत जास्त खपतो तो पंपाचा संच, म्हणून त्याच्याकडे जरा निवांत पाहू. पेटीत १२ पासून २४ पर्यंत कप, पिस्तुलासारखा हातपंप, एक जोडनळी आणि बहुधा एक रंगीत पत्रक असते. कपांचा आकडा बघून भुलू नये. एका माणसाच्या पाठीला ६ ते ८ कप पुष्कळ झाले, आणि तेही ४ ते ५ सेंटिमीटर तोंडाचे. २४ च्या पेटीत निम्मे कप अंगठ्याएवढे असतात. ते पेटी भरायला असतात. मधल्या मापाचे कप जोडीजोडीने देणारा १२ चा संच कधीही बरा.

कपाचा जीव असतो तो व्हॉल्वमध्ये. वरच्या टोकाला एक छोटी दांडी आणि तिच्या बुडाशी रबराचा वॉशर, एवढीच रचना. पंप ओढला की वॉशर उचलला जाऊन आतली हवा बाहेर येते; पंप थांबला की बाहेरच्या हवेचा दाब वॉशर खाली दाबून ठेवतो. दांडी वर खेचली की हवा आत शिरते आणि कप सुटतो. यात बिघडण्यासारख्या गोष्टी दोनच. वॉशर वाळून कडक झाला की कप हळूहळू हवा घेतो आणि ५ मिनिटांत आपोआप गळून पडतो. उलट वॉशरला तेल-मळ लागून तो चिकट झाला की दांडी खेचूनही कप सुटत नाही. पहिला दोष त्रासाचा, दुसरा धोक्याचा.

तपासायची रीत सोपी आहे. बसून मांडीच्या पुढच्या भागावर, कड जराशी ओली करून कप उभा लावावा आणि पंपाचे दोन झटके द्यावेत. पंप काढून दांडीच्या बुडाशी पाण्याचा एक थेंब सोडावा. थेंब आत ओढला गेला किंवा कपाच्या आत पाणी झिरपताना दिसले, तर वॉशर बसत नाही. थेंब जागेवर राहिला तर व्हॉल्व ठीक. मग दांडी दोन बोटांत धरून वर खेचावी. स्स् असा आवाज येऊन कप लगेच मोकळा व्हायला हवा. असे प्रत्येक कपाचे करायचे, एका कपावरून पेटीची पारख होत नाही. मात्र प्रत्येक कप वेगळ्या जागी लावावा, नाहीतर तपासणीतच एका जागी रक्त साकळायचे.

दुसरी तपासणी कडेची. कापसाचा छोटा पुंजका कडेवरून गोल फिरवावा. साच्यातून निघालेल्या प्लास्टिकची शिवण नीट घासलेली नसेल, तर कापसाचे तंतू तिथे अडकतात. जिथे कापूस अडकतो तिथे कातडी कापली जाते, कारण पोकळीमुळे कप त्या कडेवरच रुततो. कड जाड आणि गोलसर असावी. पातळ धारेची कड हवा चांगली अडवते हे खरे, पण कप काढल्यावर राहिलेली खोल वर्तुळाकार रेघ दुसऱ्या दिवशी दुखते.

आता पंपाच्या झटक्यांचा हिशोब. नवखे लोक ‘प्रत्येक कपाला तीन झटके’ असा नियम करून टाकतात आणि फोड येतात ते तिथेच. समजा पंपाचा एक झटका २० मिलिलिटर हवा सामावतो. १४० मिलिलिटरच्या मोठ्या कपात दोन झटक्यांनंतर आतला दाब साधारण २३ टक्क्यांनी उतरतो. तेच दोन झटके ३० मिलिलिटरच्या लहान कपाला दिले, तर दाब ६४ टक्क्यांनी उतरतो. प्रत्यक्षात कातडी वर उचलली जाऊन थोडी जागा भरते, त्यामुळे आकडे कमी येतात. पण लहान कप मोठ्यापेक्षा कितीतरी कडक बसतो ही गोष्ट तशीच राहते. म्हणून झटके मोजायचेच नाहीत, कातडीची उंची पाहायची. पहिल्या वेळी कातडी कपात सेंटिमीटरभर वर आली की थांबायचे. लहान कपाला त्यासाठी बहुधा एकच झटका, कधी अर्धाही पुरतो. कप पारदर्शक असण्याचा सगळा उपयोग हाच. रंगीत, अर्धपारदर्शक प्लास्टिकचे कप त्यामुळेच टाळावेत.

जोडनळीची जाहिरात ‘स्वतःच्या पाठीला स्वतः लावा’ अशी असते. लावता येते, सोडवायचे कसे ते मात्र कोणी सांगत नाही. खांद्याच्या फऱ्यांमधल्या कपाच्या दांडीपर्यंत स्वतःचा हात पोचत नाही, आणि चक्कर आली तर मुळीच पोचत नाही. पाठीला कप लावताना दुसरे माणूस खोलीत हवेच. एकट्याने करायचे तर मांडी, पोटरीचा मांसल भाग, फार तर दंड.

काही संचांत कपाच्या मधोमध बसवायची टोकदार चुंबके येतात. ती पेटीतून काढून वेगळी ठेवावीत. पोकळीने वर आलेली कातडी त्या टोकावर दाबली जाते, मध्ये खोल ठिपका पडतो, कधी जखमही होते. शरीरात पेसमेकर बसवलेला असेल तर चुंबके जवळही नकोत. सोबतच्या पत्रकात रंगांचा तक्ता असतो: गडद जांभळा म्हणजे जुना विकार, फिका म्हणजे अशक्तपणा, असे काहीबाही. तो तक्ता निकामी आहे. वळाचा रंग ठरतो तो ओढ किती, वेळ किती आणि त्या जागच्या केशवाहिन्या किती नाजूक, यावर. ठणठणीत माणसाच्या मांडीला कप १५ मिनिटे कडक ठेवला तर तिथेही जांभळा गोल उमटतो.

साफसफाईत बहुतेक संचांचे आयुष्य संपते. प्लास्टिकचे कप उकळत्या पाण्यात टाकू नयेत. कप तगला तरी वॉशर वाकडा होतो. स्पिरिटने रोज पुसले तर पारदर्शक प्लास्टिक धुरकट होते आणि कडेशी केसासारख्या बारीक चिरा जातात. चीर गेलेला कप फेकायचा, चिकटवून वापरायचा नाही. कोमट पाणी आणि सौम्य साबण, दांडी वर खेचून आतूनही धुणे, मग प्लास्टिकला चालणारे जंतुनाशक डबीवर लिहिलेल्या वेळेपुरते, आणि सावलीत वाळवणे. एवढे पुरते, पण फक्त कोरड्या, म्हणजे रक्त न काढणाऱ्या कपिंगला, आणि कातडी कुठेही न फुटलेली असताना. तेल पंपात शिरले की दट्ट्या अडखळतो; म्हणून या संचाबरोबर तेल लावायचेच तर कडेपुरते बोट फिरवावे. पंप ढिला वाटू लागला तर दट्ट्याची रबरी रिंग वाळलेली असते. ती बदलून मिळते का, हे संच घेण्याआधीच विचारावे. सुटे वॉशर आणि रिंग देणारा संच दिसायला साधा असला तरी घ्यावा.

सिलिकॉनच्या कपांबद्दल तक्रारीला जागा कमी आहे. दाबायचे, कातडीवर टेकवायचे, सोडायचे. काढताना कडेला बोट घालायचे. सोडण्याच्या परीक्षेत हे पैकीच्या पैकी गुण घेतात. ओढ पंपापेक्षा मवाळ असते आणि नवशिक्याला तीच हवी. तेल लावून कप सरकवायचा असेल, म्हणजे कण्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवरून, मांडीवरून किंवा पोटरीवरून, तर याच्यासारखा कप नाही. फक्त तेल साधे वनस्पती तेल असावे. सिलिकॉनयुक्त मसाज-तेलाने सिलिकॉनचाच कप फुगतो आणि सैल पडतो. एका पट्ट्यावरून ५ ते १० वेळा, कातडी गुलाबी होईपर्यंत, बस. मणक्यांच्या हाडांवरून कप नेऊ नये, दुखतेही आणि हवा शिरून तो सुटतोही. चेहऱ्यासाठी येणारे इवले कप एका जागी क्षणभरही थांबवू नयेत, नाहीतर आठवडाभर गालावर गोल घेऊन फिरावे लागते. दोष दोनच: अपारदर्शक कपात आतली कातडी दिसत नाही, आणि धूळ-केस फार चिकटतात. दुधी पारदर्शक मिळतात, तेच घ्यावेत. चांगल्या प्रतीचे सिलिकॉन उकळत्या पाण्यात १० मिनिटे खुशाल ठेवता येते.

काचेचे कप आणि आग हा देखणा प्रकार. फोटोत तोच असतो. आगीने आतला प्राणवायू जळतो आणि म्हणून कप ओढतो, असा समज सर्रास आहे. मुख्य काम तापलेल्या हवेचे: ती फुगून बाहेर पडते, कप कातडीवर टेकला की उरलेली थंड होऊन आकसते. म्हणून ज्योत आत १-२ सेकंद फिरवणे पुरते. जास्त वेळ धरली तर ओढ फारशी वाढत नाही, काच तापते. भाजण्याची कारणेही ठरलेली आहेत. कापूस स्पिरिटने निथळता ठेवला आणि जळता थेंब पाठीवर पडला. ज्योत मधोमध न धरता कडेला लागली आणि तापलेली कड कातडीवर टेकली. जंतुनाशक पुसून ते वाळायच्या आत आग जवळ आणली. स्पिरिटची बाटली उघडी, शेजारीच. चिमट्यातला कापूस पिळून घट्ट बसवलेला, बाटली बंद करून दूर ठेवलेली, विझवायला झाकण हाताशी, असे शिस्तीत करणाऱ्या प्रशिक्षित हातांतच हा प्रकार शोभतो. शिवाय एकदा बसलेल्या काचेच्या कपाची ओढ कमी करता येत नाही. काढून पुन्हा लावणे एवढाच मार्ग. घरासाठी शिफारस नाही.

पाठीला लावताना माणूस पालथा झोपलेला असावा, खुर्चीत बसलेला नको. पोट अगदी रिकामे नसावे आणि तुडुंब भरलेलेही नसावे. केसाळ जागी हवा शिरते. तिथे दाढी करून लगेच कप लावला तर बारीक ओरखड्यांतून संसर्गाचा धोका, त्यापेक्षा पाण्यात विरघळणारा जेल लावावा. पहिल्या वेळी ३ ते ५ मिनिटे, पुढे सोसेल तसे १० पर्यंत. १५ च्या पुढे फोडांची शक्यता वेगाने वाढते. ताण जाणवणे ठीक. टोचणे, जळजळ किंवा बधिरपणा आला की काढायचे. काढताना कप ओढायचा नाही. दांडी खेचून किंवा कडेशेजारची कातडी बोटाने दाबून आधी हवा आत घ्यायची. लहान फोड आला तर फोडू नये, स्वच्छ पट्टीने झाकावा. मोठा असेल, लाली पसरत असेल किंवा पू दिसला तर डॉक्टर गाठावा. वळ हिरवट-पिवळे होत काही दिवसांत ते दीड-दोन आठवड्यांत जातात. सावळ्या कातडीवर काळपट डाग त्याहून बराच काळ रेंगाळू शकतो, हे आधी ठाऊक असलेले बरे. वळ पुरता जाईपर्यंत त्याच जागी पुन्हा कप नाही.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी, रक्त न गोठण्याचा विकार असलेल्यांनी आणि पायात रक्ताची गुठळी झालेल्यांनी या वाटेला जाऊ नये. फुगलेल्या शिरा, तीळ, पुरळ, उन्हाने भाजलेली किंवा म्हातारपणाने कागदासारखी पातळ झालेली कातडी टाळावी. गरोदरपणी पोट आणि कंबर वर्ज्य. मधुमेहाने पायांची संवेदना गेली असेल, तर तिथे कप लावलेला कळतच नाही, म्हणून तिथेही नाही. सोरायसिस असलेल्यांनी विशेष जपावे: जिथे कातडीला इजा होते तिथे नवा चट्टा उठू शकतो, आणि तो कपाच्या तोंडाएवढाच गोल उठल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

गुण किती येतो? मान आणि कंबर यांच्या जुनाट दुखण्यात थोड्या काळापुरता आराम मिळाल्याचे काही चाचण्यांत दिसले आहे. पण त्या चाचण्या लहान आहेत, आणि कप लागला की नाही हे माणसापासून लपवणे अवघड असल्याने त्यांच्यावर भार किती टाकायचा हा प्रश्न राहतो. छिद्र पाडलेले, हवा गळणारे खोटे कप लावून तुलना करण्याचे प्रयत्न झाले आहेत. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मायकेल फेल्प्सच्या खांद्यांवरचे गोल जगाने पाहिले. पदके पोहण्याने मिळाली, गोलांनी नव्हे. ‘शरीरातले विष बाहेर येते’ या दाव्याला आधार नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. रक्तदाब किंवा मधुमेहाची गोळी कपाच्या भरवशावर बंद करणे हा निव्वळ अविचार.

परंपरा मात्र जुनी आणि पसरलेली आहे. इजिप्तमधल्या इसवी सनपूर्व सुमारे १५५० च्या एबर्स पपायरसात तिचा उल्लेख आहे, युनानी वैद्यकात आणि अरबी हिजामात, म्हणजे रक्त काढण्याच्या कपिंगमध्ये, ती ठसठशीत आहे. सुश्रुतसंहितेत रक्त काढण्याची साधने दोषांनुसार वाटून दिली आहेत: वाताला शिंग, पित्ताला जळू, कफाला अलाबु म्हणजे भोपळ्याची तुंबडी. शिंग तोंडाने ओढायचे, तुंबडीत मात्र दिवा ठेवायचा. आजच्या पंपाचे आणि आगीच्या कपाचे तत्त्व तिथे शेजारी शेजारी आहे. मराठीत ‘तुंबडी लावणे’ हा शब्दच त्यातून उरला.

सुश्रुतातली ती तुंबडी रक्त काढण्यासाठी होती, आणि पंपाचा संच घेणाऱ्यांपैकी काहींची नजर शेवटी तिकडेच वळते. ओली कपिंग, म्हणजे हिजामा, घरच्या संचाने करायची नाही. तिथे परीक्षण वस्तूचे नसून सेवेचे. क्रम असा असतो: आधी ३ ते ५ मिनिटे कोरडा कप, मग जंतुनाशकाने पुसणे आणि ते वाळू देणे, कातडीच्या वरच्या थरापुरते अगदी उथळ, समांतर ओरखडे, पुन्हा कप, रक्त जमल्यावर काढून निर्जंतुक पट्टी. ओरखडा खोल गेला तर रक्त जास्त येते आणि व्रणही राहतो. ज्यांच्या अंगावर जखमेचा वण फुगून जाड होतो, त्यांनी हे टाळावे.

केंद्रात पाऊल टाकल्यावर आधी ते काय विचारतात ते ऐकावे. चालू औषधे, हिमोग्लोबिन, आधीचे आजार यांची चौकशी न करता थेट ‘किती कप लावू?’ असे विचारणारे केंद्र सोडून द्यावे. पाते बंद पाकिटातून समोर उघडले पाहिजे, कप एकदाच वापरायचे आणि नवे, हातमोजे ताजे, वापरलेले पाते टाकायला जाड, पात्याने न भोसकला जाणारा डबा. कप ‘धुऊन ठेवलेले’ आहेत असे उत्तर आले तर उठावे; हिपॅटायटिस बी आणि सी रक्तातूनच पसरतात, आणि सी वर लस नाही. वरचेवर, भरपूर रक्त काढून घेणाऱ्यांना रक्तक्षय झाल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे ‘दर आठवड्याला या, दहा बैठकांचे एकदम भरा’ असे म्हणणारा कोणाची तुंबडी भरतो आहे ते ओळखावे. नंतर रक्तदानाला जाणार असाल तर रक्तपेढीत हे सांगावे.

आणि कप काढल्यावर ती काळपट, जेलीसारखी गुठळी पुढे धरून ‘हे बघा, किती घाण निघाली’ असे कोणी म्हणालेच, तर ते नेहमीचेच रक्त आहे. शरीराबाहेर येऊन काही मिनिटे कपात राहिले की रक्त गोठतेच. ज्याचे गोठत नाही, त्याला कप लावायलाच नको होता.